लाईनमन वजनकाट्यावर ठरत नाही

डिसेंबरच्या सुरुवातीला अमेरिकेतली हायस्कूलची मुलं कॉलेज फुटबॉलच्या करारांवर सह्या करतात आणि त्या आठवड्यात टेक्सासमध्ये दुसरा विषय नसतो. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, प्लेनो, अ‍ॅलन या उपनगरांत आता मराठी घरं बरीच आहेत. अ‍ॅलनच्या हायस्कूलचं स्टेडियम २०१२ साली उघडलं तेव्हा त्यावर सुमारे सहा कोटी डॉलर खर्च झाले होते आणि त्यात अठरा हजार माणसं बसतात. शुक्रवारी रात्री अशा मैदानांवर आपली मुलं बँडमध्ये वाजवतात, काही आता खेळतातही. त्यामुळे कोणता मुलगा किती ‘स्टार’चा (क्रमवारी लावणाऱ्या संस्था मुलांना असे तारे देतात, जास्तीत जास्त पाच), कोणाला कुठल्या विद्यापीठाची ऑफर, हा वाद आपल्या दिवाळीच्या फराळापर्यंत येऊन पोचला आहे. वादाला माझी हरकत नाही. पण ऑफेन्सिव्ह लाईनमनबद्दल तो ज्या तऱ्हेने घातला जातो, त्यात खेळाचंही नुकसान आहे आणि मुलांचंही.

ज्यांनी हा खेळ फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आक्रमण करणाऱ्या अकरा जणांपैकी पाच जण पुढच्या रांगेत असतात: मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. चेंडू सेंटरच्या हातून मागे जातो, पण त्यानंतर या पाचांपैकी कोणी तो घेऊन धावत नाही. आपल्या क्वार्टरबॅकपर्यंत, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूपर्यंत, कोणी पोचू नये आणि धावणाऱ्याला वाट मोकळी व्हावी, एवढ्यासाठी ते प्रत्येक डावात समोरच्याशी भिडतात. अशा सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला कॉलेजने घ्यावं की नाही, यावर दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, सहा फूट पाच इंच, तीनशे पौंड, चार स्टार, विषय संपला. दुसरा म्हणतो, स्टार हा धंदा आहे. पोराची फिल्म बघा, समोरच्याला दहा यार्ड मागे रेटत नेतो. मला दोन्ही पक्षांची चूक एकच वाटते. दोघंही आजचा मुलगा मोजतात, आणि कॉलेजला हवा असतो तीन वर्षांनंतरचा माणूस. उंची आणि हाताची लांबी ही प्रवेशाची अट म्हणून ठेवावी. गुण म्हणून देऊ नये. खरं मूल्यमापन पाय, कंबर आणि हात कसे चालतात, शरीर अजून किती वाढायचं आहे, सांगितलेलं तो किती लवकर उचलतो आणि त्याला शिकवणार कोण आहे, यांचं व्हायला हवं. यातलं काहीच वजनकाट्यावर दिसत नाही.

स्टारवाल्यांची बाजू आधी नीट ऐकून घ्यायला हवी, कारण ती पोकळ नाही. २४७स्पोर्ट्ससारखी संस्था दरवर्षी साधारण ३२ मुलांना पाच स्टार देते, कारण एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात, पहिल्या फेरीत ३२ निवडी असतात. म्हणजे पाच स्टार ही उघड पैज आहे की हा मुलगा पुढे पहिल्या फेरीत जाईल. समूह म्हणून पाहिलं तर पाच स्टारवाले तीन स्टारवाल्यांपेक्षा खूप मोठ्या प्रमाणात ड्राफ्ट होतात. अलाबामा, जॉर्जिया, ओहायो स्टेट यांच्या विजेत्या संघांत चार-पाच स्टारची मुलं खच्चून भरलेली होती. न्यू जर्सीतल्या रेड बँक कॅथलिक शाळेचा क्वेंटन नेल्सन हायस्कूलमध्येच सगळ्यांच्या नजरेत भरला होता. नोत्र दामहून तो २०१८ मध्ये सहाव्या क्रमांकावर गेला. लॅरमी टन्सिल पाच स्टारचा होता आणि ओल मिसमध्ये (मिसिसिपी विद्यापीठात) पहिल्याच वर्षी उभा राहिला. स्टार म्हणजे चिठ्ठ्या टाकून केलेला निवाडा आहे, असं म्हणणारा माणूस यादीकडे पाहायलाच तयार नाही.

पण प्रशिक्षकाच्या टेबलावर समूह नसतो, एक मुलगा असतो. समूहाचं प्रमाण त्या एकाबद्दल किती सांगतं? शिवाय लाईनमनच्या बाबतीत स्टार इतर जागांपेक्षा अधिक डळमळीत असण्याला कारण आहे. धावणाऱ्याचे यार्ड मोजता येतात, पास झेलणाऱ्या रिसीव्हरची शंभर मीटरची वेळ शाळेच्या अ‍ॅथलेटिक्समध्ये नोंदलेली असते, क्वार्टरबॅकचे पास टक्केवारीत येतात. लाईनमनने काम उत्तम केलं तर कागदावर काहीच उरत नाही. त्याचं नाव पुकारलं जातं ते चूक झाल्यावर. मग मूल्यमापन करणारे जे हाताशी आहे त्याला धरतात: उंची, वजन आणि कोणी कोणी ऑफर दिली. ऑफरींचाही एक प्रवाह असतो. एका मोठ्या विद्यापीठाने हात पुढे केला की आठवड्याभरात आणखी पाच-सहा येतात, आणि आपण त्याला अनेक जाणकारांचं एकमत म्हणतो. त्यातली निम्मी मतं तरी पहिल्याचीच नक्कल असतात.

आता आकाराचा मुद्दा, जो विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. उंची शिकवता येत नाही, हात लांब करता येत नाहीत. बाहेरून वेगाने येणाऱ्याला टॅकलने आधी स्पर्श करायचा असतो. हात आखूड असले की समोरचा आधी छातीला भिडतो आणि तिथे डाव संपतो. हे मला मान्य आहे. मात्र ही गरज निसर्गाने घालून दिलेली नाही. १९७८ साली एनएफएलने नियम बदलला आणि पास वाचवताना, म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला वेळ मिळावा म्हणून समोरच्याला अडवताना, लाईनमनला हात पुढे ताणून, पंजे उघडे ठेवून अडवायची मुभा दिली. त्याआधी मुठी छातीशी आवळून खांद्याने काम करायचं होतं. आज ज्या चौतीस इंची हातांवर इतकी चर्चा होते, त्यांना भाव आणला त्या एका नियमाने. वजनाचंही तसंच. १९७२ च्या अपराजित मायामी डॉल्फिन्सचा सेंटर जिम लँगर सुमारे २५० पौंडांचा, म्हणजे ११३ किलोंचा होता आणि आज तो हॉल ऑफ फेममध्ये आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टनची लाईन धिप्पाडपणासाठी गाजली. तिच्यातला जो जेकोबी ६ फूट ७ इंचांचा असूनही १९८१ मध्ये त्याला कोणी ड्राफ्ट केलं नव्हतं. १९८५ मध्ये तीनशे पौंडांवरचा विल्यम पेरी शिकागोत देशभर कौतुकाचा विषय झाला. आज हायस्कूलच्या मोठ्या सामन्यात तेवढ्या वजनाची मुलं दोन्ही बाजूंना दिसतात. ज्या मापावर दर पिढीत आपण शपथ घेतो ते माप दर पिढीत बदललं आहे. प्रत्येक पिढीत टिकले ते समोरच्याआधी पाय जागेवर नेणारे.

म्हणून मी आकाराला उंबरठा म्हणते. सहा फूट एक इंच उंचीच्या मुलाला लेफ्ट टॅकल म्हणून घेऊ नका, ठीक आहे. पण सहा फूट पाच इंचांच्या दोन मुलांत एक २४० पौंडांचा आणि दुसरा ३१० चा असेल, तर जड मुलाला वर ठेवायचं कारण काय? सतराव्या वर्षीचं वजन हा त्या मुलाबद्दलचा सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा आहे, कारण कॉलेजच्या मेसमध्ये आणि वेट रूममध्ये दोन वर्षांत बदलता येणारी तीच एक गोष्ट आहे. मूळचे चपळ पाय असलेल्या मुलावर साठ पौंड चढवता येतात. साठ पौंड उतरवून चपळ पाय मिळत नाहीत.

२०१३ चा ड्राफ्ट मला या सगळ्या वादात फार मोलाचा वाटतो. पहिल्या चार निवडींत तीन टॅकल होते. पहिल्या क्रमांकावर सेंट्रल मिशिगनचा एरिक फिशर, ज्याच्याकडे हायस्कूलमध्ये मोठ्या विद्यापीठांनी पाठ फिरवली होती. त्याच्या विद्यापीठाच्या गटातून, मिड-अमेरिकन कॉन्फरन्समधून, पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला तो पहिलाच खेळाडू. दुसऱ्या क्रमांकावर टेक्सास ए अँड एमचा ल्यूक जोकेल, आमच्याच भागातल्या आर्लिंग्टनचा, हायस्कूलपासून नावाजलेला. चौथ्यावर ओक्लाहोमाचा लेन जॉन्सन. हा पूर्व टेक्सासमधल्या ग्रोव्हटन नावाच्या छोट्याशा गावात क्वार्टरबॅक होता, पुढे किल्गोर कॉलेजातही क्वार्टरबॅक म्हणूनच गेला, ओक्लाहोमात टाइट एंड (लाईनच्या कडेला राहून पासही झेलणारा) आणि डिफेन्सिव्ह एंड (बचावाच्या रांगेतला कडेचा) होऊन मग टॅकल झाला. जोकेलवर अन्याय करायचा नाही. तो कॉलेजात उत्तम खेळला, कॉलेजातल्या सर्वोत्तम लाईनमनला मिळणारी २०१२ ची आउटलँड ट्रॉफी त्याने जिंकली, त्याच्यापुरते स्टार खरे ठरले; पुढे दुखापतींनी त्याची व्यावसायिक कारकीर्द आखूड केली. प्रश्न बाकी दोघांचा आहे. त्याच ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीत आर्कान्सा-पाइन ब्लफचा टेरॉन आर्मस्टेड आणि चौथ्या फेरीत कोलोराडोचा डेव्हिड बख्तियारी गेले, आणि दोघंही आपल्या काळातले अव्वल लेफ्ट टॅकल ठरले. म्हणजे हायस्कूलच्या वेळी एकदा आणि ड्राफ्टच्या वेळी पुन्हा एकदा, सगळ्या मोजमापांसह, अंदाज चुकला.

फिलाडेल्फिया ईगल्सने ९ फेब्रुवारी २०२५ ला कॅन्सस सिटीला ४०-२२ हरवून सुपर बोल जिंकला, तेव्हाची त्यांची लाईन डोळ्यांसमोर आणा. लेफ्ट टॅकल जॉर्डन मायलाटा ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळत होता. २०१८ मध्ये सातव्या फेरीत घेतला गेला तोवर त्याने अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. सेंटर कॅम जर्गन्स नेब्रास्काला टाइट एंड म्हणून आला होता. राइट टॅकल लेन जॉन्सनची गोष्ट वर आलीच. जर्गन्सच्या आधी त्याच जागेवर तेरा मोसम खेळलेला जेसन केल्सी सिनसिनाटी विद्यापीठात स्कॉलरशिपशिवाय, वेगळ्याच जागेसाठी दाखल झाला होता. लाईनवर तो नंतर आला, आणि २०११ मध्ये १९१ व्या क्रमांकावर गेला. या सगळ्यांना घडवणारा प्रशिक्षक एक, जेफ स्टाउटलँड. हायस्कूलमध्ये लाईनमन म्हणून यांच्यापैकी एकाचंही मूल्यमापन झालं नव्हतं, कारण ते लाईनमन नव्हतेच.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. जे वर आले त्यांचीच नावं तुम्ही सांगता. असेच चपळ, सडपातळ असलेले शेकडो टाइट एंड लाईनवर आणले गेले आणि काहीच झाले नाहीत, त्यांची यादी कुठे आहे? बरोबर आहे. एक केल्सी दाखवून प्रत्येक वॉक-ऑनला, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय आलेल्या मुलाला, केल्सी म्हणता येत नाही. पण हा आक्षेप दोन्हीकडे लागतो. तीनशे पौंडांचे, चार स्टारचे किती जण तिसऱ्या वर्षी बाकावर बसून असतात, त्यांची यादी तरी कोण छापतं? आणि माझा दावा सडपातळ मुलगा हमखास यशस्वी होतो असा नाही. दावा एवढाच की यशस्वी झालेल्यांत वारंवार जे सापडतं ते चाळणीत शोधलंच जात नाही. नोत्र दामचा जो ऑल्ट मिनेसोटातल्या शाळेत टाइट एंड होता, तीन स्टारचा, आणि २०२४ मध्ये पाचव्या क्रमांकावर गेला. त्याचे वडील जॉन ऑल्ट एनएफएलमध्ये टॅकल होते. मुलाचं शरीर पुढे कुठपर्यंत वाढेल याचा यापेक्षा चांगला पुरावा कोणता? तो कोणी लपवून ठेवलेला नव्हता. काही कॉलेजांनी तर ही नजरच आपली पद्धत केली आहे. आयोवामध्ये कर्क फेरेंट्झ १९९९ पासून मुख्य प्रशिक्षक आहेत आणि ते मूळचे लाईनचेच प्रशिक्षक. रॉबर्ट गॅलरी त्यांच्याकडे टाइट एंड म्हणून आला, २००३ ची आउटलँड ट्रॉफी जिंकून ड्राफ्टमध्ये दुसरा गेला. ब्रँडन शर्फ शाळेत क्वार्टरबॅकही खेळला होता आणि टेनिसही. २०१४ ची आउटलँड त्याची. एकाच ठिकाणी, एकाच प्रशिक्षकाकडे, पुन्हा पुन्हा असं घडत असेल तर त्याला नशीब म्हणता येणार नाही.

फिल्मवाल्यांचीही चूक तेवढीच मोठी आहे, फक्त ती अधिक जाणती वाटते. हायलाइट फिल्म मुलगा स्वतः निवडतो: मोसमातले तीस उत्तम डाव. त्यात समोर अनेकदा साडेपाच फुटांचा, पुढच्या वर्षी फुटबॉल सोडून देणारा मुलगा असतो. त्याला जमिनीवर आडवा करणं हा कशाचा पुरावा आहे? दुसरं, शाळा काय खेळते यावर फिल्म ठरते. ऑप्शन किंवा विंग-टी अशा धावण्यावर भर देणाऱ्या पद्धतीने खेळणाऱ्या शाळेचा टॅकल रात्रभर हात जमिनीला टेकवून पुढे मुसंडी मारतो. मागे सरकत पास वाचवण्याची वेळ त्याच्यावर सामन्यात चार वेळाही येत नाही. उलट ज्या शाळेत चेंडू दोन सेकंदांत हातातून सुटतो तिथला टॅकल पास वाचवतोय असं दिसतं, पण त्याला अडवणं धरून ठेवावंच लागत नाही. कॉलेजच्या प्रशिक्षकाला जे पाहायचं असतं नेमकं तेच फिल्ममध्ये नसतं.

म्हणून पूर्ण सामन्याची फिल्म मागावी, आणि तीही हरलेल्या सामन्याची. चेंडू सुटल्यावरची पहिली दोन पावलं पाहावीत. मागे सरकताना खांदे समोर राहतात की दार उघडावं तसं अंग फिरतं? खाली जाताना गुडघे आणि घोटे वाकतात की तो कंबरेतून वाकतो? कंबरेतून वाकणारा मुलगा शाळेत कितीही जड असो, कॉलेजच्या पहिल्या महिन्यात पुढे झुकून पडतो. हात समोरच्याच्या छातीवर आत लागतात की बाहेर खांद्यांवर? समोरचे दोघं जागा बदलून आले तर त्याला ते वेळेत कळतं का? आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, तो हरतो तेव्हा काय करतो? अर्धं पाऊल मागे पडल्यावर कंबर खाली घालून पुन्हा समोर येणारा मुलगा आणि खांदा धरून लोंबकळणारा मुलगा यांच्यात जो फरक आहे तो कुठल्याच यादीत नोंदला जात नाही. उन्हाळी कॅम्पमधल्या एकास-एक झुंजींबद्दलही तेच. तिथे शेजारी गार्ड नसतो, हल्ला करणाऱ्याला दोन्ही बाजू मोकळ्या असतात, त्यामुळे लाईनमन हरणारच. पण पहिल्या झुंजीनंतर प्रशिक्षकाने कानात काही सांगितलं आणि तिसऱ्या झुंजीत ते दिसलं, तर त्या दहा मिनिटांत मोसमभराच्या हायलाइटपेक्षा जास्त कळलं.

आणि दुसरे खेळ पाहावेत. इथे मी फार आग्रही आहे, कारण मुलांना बाराव्या-तेराव्या वर्षी एकाच खेळाला जुंपण्याची रीत टेक्सासमध्ये वाढत चालली आहे, आणि आपले पालक त्यात मागे नाहीत. ट्रिस्टन वर्फ्स आयोवातल्या माउंट व्हर्नन या गावचा. शाळेत तो हेवीवेट कुस्तीत राज्य विजेता होता, थाळी आणि गोळाफेकीतही राज्य विजेता. फेरेंट्झ यांच्या हाताखाली पहिल्याच वर्षी टॅकल म्हणून सुरुवातीला उतरलेला तो पहिला मुलगा ठरला. अँथनी मुन्योझ हा कदाचित इतिहासातला सर्वश्रेष्ठ टॅकल. १९७८ च्या यूएससीच्या (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या) विजेत्या बेसबॉल संघात तो पिचर होता. गुडघ्याच्या शस्त्रक्रियांमुळे अनेकांनी त्याच्यावर फुली मारली होती, सिनसिनाटीने १९८० मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतला. सर्वांत बोलकं उदाहरण स्टीफन नील याचं. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डच्या विद्यापीठातला हा कुस्तीगीर दोनदा कॉलेज विजेता, १९९९ चा फ्रीस्टाइल विश्वविजेता. कॉलेजात फुटबॉल तो खेळलाच नाही, आणि तरी न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या लाईनवर गार्ड म्हणून अनेक वर्षं उभा राहिला. गुरुत्वमध्य खाली ठेवणं, समोरच्याचं वजन हाताला जाणवणं, तोल गेला की पायांनी सावरणं, हे सगळं तो मॅटवर शिकून आला होता.

कुस्तीचं नाव निघालं की आपल्याला खाशाबा जाधव आठवतातच, आणि इथे ते आठवणं अस्थानी नाही. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात क्रीडाशिक्षकांनी अंगकाठी पाहून त्यांना वार्षिक स्पर्धेत घ्यायला नकार दिला होता आणि प्राचार्यांकडे दाद मागून ते उतरले, ही हकिकत कोल्हापुरात अजून सांगितली जाते. १९४८ मध्ये लंडनला ते सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन परतले. कोणी म्हणेल, कुस्तीत वजनगट असतात. लाईनवर १२० किलोंच्या मुलासमोर १५० किलोंचा येऊ शकतो, तेव्हा ही तुलना टिकत नाही. वजनापुरती टिकत नाही, हे खरं. पण त्या क्रीडाशिक्षकांची चूक वजनगटाची नव्हती. मुलगा उभा असताना त्यांनी पाहिला, भिडताना पाहिला नाही. अमेरिकेत आज दर वसंतात प्रशिक्षक शाळांच्या कॉरिडॉरमधून फिरतात, मुलाशी हात मिळवतात, खांद्यांची रुंदी नजरेने मोजतात आणि कधीकधी त्या भेटीवरच ऑफर देऊन मोकळे होतात. सत्तरहून अधिक वर्षांत या बाबतीत आपण किती पुढे आलो?

हे सगळं जुन्या काळाला ठीक होतं, आता वेळ कुणाकडे आहे, हा आजचा सर्वांत जोरदार प्रतिवाद. २०२१ पासून खेळाडूला एकदा वर्ष वाया न घालवता कॉलेज बदलता येऊ लागलं, २०२४ मध्ये त्यावरची संख्येची मर्यादाही गेली. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत, आणि संघाची मर्यादा १०५ खेळाडूंची झाली. तिसऱ्या वर्षी स्वतःची नोकरी राहील की नाही हे माहीत नसलेला प्रशिक्षक २४० पौंडांच्या पोराची वाट का पाहील? ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीतून, बावीस वर्षांचा तयार टॅकल आणेल. आणि वाट पाहून घडवलेला मुलगा तिसऱ्या वर्षी जास्त पैसे देणाऱ्याकडे निघून गेला तर? या भीतीला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. असं होतं आणि होत राहणार.

तरी हिशेब मांडून पाहा. पोर्टलमधला तो तयार टॅकल आकाशातून पडलेला नाही. चार वर्षांपूर्वी कुणीतरी त्याला कच्चा असताना ओळखलं, शिकवलं. सगळ्यांनी तयार माल घ्यायचा ठरवलं तर तो तयार कोण करणार, आणि मोजक्या चांगल्या टॅकलसाठी पन्नास विद्यापीठं बोली लावू लागली की भाव कुठे जाणार? आधी ओळखणाऱ्याला तो मुलगा स्वस्तात मिळतो आणि किमान दोन मोसम तरी मिळतात. शिवाय पूर्वी ८५ स्कॉलरशिपांच्या पलीकडे वॉक-ऑनचा मोठा गोतावळा असायचा. मूल्यमापन चुकलं तरी केल्सीसारखा मुलगा मागच्या दाराने आत येऊ शकत होता. १०५ च्या मर्यादेने ते दार अरुंद केलं. चूक सुधारण्याची सोय कमी झाली असेल तर पहिला निर्णय अधिक विचाराने घ्यायला हवा की अधिक घाईने?

आणि या घाईची किंमत मुलं शरीराने देतात. तीनशे पौंड झाल्याशिवाय कोणी बघणार नाही असं एकदा मनात बसलं की पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा भूक नसताना जेवतो, रात्री उठून खातो, आणि घरचे त्याला कौतुकाने वाढतात. हायस्कूलमधल्या लाईनमनमध्ये दिसणारा वाढता रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं, गुडघ्यांवरचा भार, हे सगळं डॉक्टर सांगत आले आहेत. क्लीव्हलँडचा जो थॉमस एनएफएलमध्ये सलग १०,३६३ डाव खेळला, आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. निवृत्त झाल्यावर त्याने सुमारे पन्नास पौंड उतरवले. त्याने ते वजन पगारी माणूस म्हणून, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली वागवलं होतं. दहावीतल्या मुलाने ते एका आकड्यासाठी, स्टारसाठी, पाठीवर घ्यावं, यात शहाणपण काय आहे? शाळेतल्या लाईनमनांपैकी बहुतेक जण कॉलेजात खेळणारही नाहीत, एनएफएलची गोष्ट तर दूरच. त्यांच्या पुढच्या पन्नास वर्षांचा विचार या मूल्यमापनात कुठेच नसेल तर ते अपुरं आहे, मग फुटबॉलच्या दृष्टीने ते कितीही अचूक असो.

ज्या मराठी घरांत कॉलेजच्या प्रशिक्षकांच्या भेटी आता होऊ लागल्या आहेत, किंवा पुढे होतील, त्यांनी प्रशिक्षक समोर बसला की स्टारचा विषय बाजूला ठेवून सरळ विचारावं: चार वर्षांपूर्वी तुम्ही घेतलेल्या लाईनमनपैकी किती अजून तुमच्याकडे आहेत, किती सुरुवातीच्या पाचांत उतरले, किती पदवी घेऊन बाहेर पडले? लाईनचा प्रशिक्षक किती वर्षं इथे आहे आणि त्याने या आधी कोणाला घडवलं? आमच्या मुलाने कुस्ती किंवा गोळाफेक चालू ठेवली तर तुमची हरकत आहे का? पहिल्या वर्षी त्याचं वजन किती वाढवणार, किती महिन्यांत, आणि त्यावर देखरेख कोणत्या डॉक्टरांची? आणि तुम्ही त्याचा पूर्ण सामना पाहिलात का, पाहिला असेल तर त्यात तो कुठे चुकला ते सांगा. पाहिलेल्या प्रशिक्षकाला डाव आठवतो, तिसऱ्या क्वार्टरमधलं चुकलेलं पाऊलही आठवतं, आणि ते कसं दुरुस्त करायचं हे तो सोफ्यावरून उठून पायांनी दाखवतो.